इटलीत शिकायला जाताय? आधी काउंटरला उभं राहून खायला-प्यायला शिका

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरपासून इटलीतल्या पादोव्हा शहरात मास्टर्स, शाकाहारी आहे पण अंडं चालतं, खाण्यापिण्यावर महिन्याला फार तर २५० युरो जमतील, आणि आधी गेलेले सगळे सांगतायत की बाहेरचं खाणं विसर, कुकर घेऊन जा आणि डाळभात लाव. मग एवढं इटलीला जाऊन तिथलं खाणं आणि कॉफी चाखायचीच नाही का?

चाखायची की! मी पादोव्हातच शिकलो, शिकता शिकता संध्याकाळी एका बारच्या काउंटरमागे उभा राहिलो आणि पुढे कॉफीच्याच धंद्यात रमलो, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलंय. डाळभात लाव सांगणारे बहुतेक लोक सुरुवातीला कुठल्यातरी टुरिस्टी चौकात टेबलावर बसून जेवलेले असतात, बिल बघून हबकतात आणि मग पदवी मिळेपर्यंत घराबाहेर खात नाहीत. इटलीत पैसे जातात ते बसण्याचे आणि अवेळी भूक लागण्याचे. ही दोन गणितं नीट जमली की २५० मध्ये मजेत भागतं, वर रविवारच्या जिलातोला (तिकडच्या आइस्क्रीमला) पण उरतात.

आधी कॉफी, कारण तो माझा विषय आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तिकडचा बार म्हणजे कोपऱ्यावरचं साधं दुकान, सकाळी सहा-सातला उघडतं, कॉफी, ब्रिओश म्हणजे गोडसर मऊ पाव, सँडविच, दुपारी एखादा पास्ता, संध्याकाळी स्प्रित्झ म्हणजे वाइन-सोड्याचं कडसर पेय, सगळं तिथेच. काउंटरला उभं राहून प्यायलीस तर एस्प्रेसो साधारण सव्वा ते दीड युरो. तीच कॉफी टेबलावर मागवलीस की भाव वेगळा, चौकातल्या छत्रीखाली तर दुप्पट-तिप्पट सुद्धा. ही फसवणूक नाहीये, दरपत्रक लावणं दुकानाला बंधनकारक असतं, काउंटरचा आणि टेबलाचा भाव त्यात वेगवेगळा लिहिलेला असतो, फक्त आपण भिंतीकडे बघत नाही. स्टेशनवर आणि गर्दीच्या बारमध्ये आधी कास्साला म्हणजे गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची आणि मग ऑर्डर सांगायची. छोट्या बारमध्ये पिऊन झाल्यावर पैसे दिले तरी चालतात. कळत नसेल तर पुढच्या दोन माणसांकडे बघ, ते जे करतील तेच कर.

आता पहिल्यांदा एस्प्रेसो प्यायली की आपल्याकडच्या माणसाचं तोंड वाकडं होतं हे ठरलेलं आहे. कारण सोपं आहे, साधारण ७ ग्रॅम पावडर, ९ बार दाब, २५ सेकंद, आणि कपात येते जेमतेम २५ मिलिलिटर. म्हणजे दोन-तीन घोटच. ती कपभर चहासारखी अर्धा तास पुरवायची नसतेच, साखर घाल, नीट ढवळ आणि गरम आहे तोवर संपव. साखर घातली तर कोणी नाक मुरडत नाही, अर्धी इटली घालते. सुरुवातीला माकियातो माग, म्हणजे एस्प्रेसोवर चमचाभर फेसाळ दूध, भाव जवळपास तोच. रात्री झोप हवी असेल तर काफे द'ओर्झो, ते भाजलेल्या बार्लीचं असतं, त्यात कॅफीन नाही, आणि थंडीत मला तर ते आवडतंच.

कॅपुचिनो अकरानंतर मागितला तर इटालियन लोक हाकलून देतात वगैरे जे सांगतात ना, तसं काही नसतं. मी काउंटरमागून भर दुपारी चार वाजता शेकड्याने कॅपुचिनो दिलेत. त्यांना जेवणावर दूध जड वाटतं एवढंच, कारण त्यांच्याकडे तो न्याहारीचा भाग आहे, सोबत ब्रिओश घेतली की सकाळचं पोट भरतं आणि हे सगळं उभ्याने तीन-साडेतीन युरोत होतं.

चांगला बार ओळखायचा कसा हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ग्राइंडरवर बिया ठेवायचं जे पारदर्शक भांडं असतं ते बघ. त्याला आतून पिवळट तेलाचा थर चढलेला असेल तर तिथे कॅपुचिनोच घे, दुधात खवट चव लपते. दूध फेसायची वाफेची नळी बघ, त्यावर वाळलेलं दूध असेल तर कॅपुचिनो पण नको, सरळ बाहेर ये. बारवाला पावडर भरलेलं हँडल लावायच्या आधी मशीनमधून क्षणभर नुसतं गरम पाणी सोडतो का, प्रत्येक वेळी दूध झाल्यावर नळी पुसून वाफ सोडतो का, हे दोन करणारा माणूस बाकीचं पण नीटच करतो. कपावरचा फेस बदामी-लालसर आणि दाट हवा. मधोमध पांढरा ठिपका पडलाय म्हणजे कॉफी जास्त वेळ गळू दिली, ती कडूच लागणार. असा एक बार हेरला की रोज तिथेच जा. चौथ्या-पाचव्या वेळी नमस्कार-चमत्कार होतो, महिन्याभरात तू दारात दिसलीस की तुझी कॉफी लागते, आणि तुझं इटालियन भाषेच्या क्लासपेक्षा तिथे लवकर सुधारतं, कारण तिथे व्याकरण कोणी तपासत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. भारताच्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेली अनेक वर्षं इटलीच आहे. एस्प्रेसोला जो दाट फेस आणि जडपणा येतो त्यात रोबस्टा या कडक जातीच्या कॉफीचा मोठा हात असतो आणि त्यातली बरीच रोबस्टा कर्नाटक-केरळातून येते. मॉन्सून मलबार नावाच्या बिया तर मुद्दाम पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसाळी दमट हवेत पसरून फुगवतात, आंबटपणा जातो, आणि मग त्या तिकडच्या मिश्रणात पडतात. दक्षिण इटलीत रोबस्टा जास्त आणि भाजणी काळपट, उत्तरेकडे अरेबिका या सौम्य जातीचं प्रमाण वाढतं. नापोलीला गेलीस तर पहिला घोट जपून घे.

पादोव्हात राहणार म्हणजे पेद्रोक्कीला एकदा जाऊन ये. १८३१ साली उघडलेलं कॉफीहाउस आहे, १९१६ पर्यंत ते रात्रंदिवस उघडं असायचं, म्हणून त्याला बिनदाराचं कॉफीहाउस म्हणायचे. आतल्या पांढऱ्या दालनात भिंतीला एक गोळीचं भोक आहे, ८ फेब्रुवारी १८४८ ला विद्यार्थ्यांनी ऑस्ट्रियन सत्तेविरुद्ध उठाव केला तेव्हाचं. तुझ्या कामाचं मात्र हिरवं दालन, तिथे काहीही न मागवता बसायची परंपरा आहे, पेपर वाचा, पुस्तक वाचा, कोणी उठवणार नाही, खिसा रिकामा असलेल्या विद्यार्थ्यांसाठीच ती सोय होती. पैसे खर्च करायचेच असतील तर त्यांची पुदिन्याची कॉफी घे, खाली एस्प्रेसो, वर गार पुदिन्याचं क्रीम आणि कोकोची भुरभूर. ती ढवळायची नाही आणि साखर घालायची नाही, गार क्रीममधून गरम कॉफी ओढून घ्यायची. परत परत जाण्याइतकी स्वस्त नाही, पण आईबाबा भेटायला आले की न्यायला उत्तम.

वीकेंडला त्रिएस्तेला जा, रेल्वेने दोन-अडीच तास. ऑस्ट्रियाच्या काळापासूनचं कॉफीचं बंदर आहे, इल्ली ही कॉफीची कंपनी पण तिथलीच, १९३३ ची. तिथे ऑर्डरची पद्धत वेगळी, एस्प्रेसो हवी तर ‘नेरो’ म्हणायचं, माकियातो हवा तर ‘कापो’, आणि तोच काचेच्या छोट्या ग्लासात हवा तर ‘कापो इन बी’. पादोव्हाच्या सवयीने कॅपुचिनो मागशील तर छोटासा कप येईल, घाबरू नको. तोरिनोला बिचेरीन मिळतं, चॉकलेट, कॉफी आणि क्रीमचे थर, ते एक प्यायलं की जेवणाची गरज नाही.

रोजच्या रोज मात्र युनिव्हर्सिटीतलं कॉफीचं मशीनच कामी येतं, त्याला सगळे माकिनेत्ता म्हणतात. कॉफी तशी यथातथाच पण एक युरोच्या आत, आणि तिच्या भोवतीच अर्ध्या ओळखी होतात. लेक्चरच्या मधल्या वेळेत कोणी ‘चल कॉफी घेऊ’ म्हणालं तर तहान नसली तरी जायचं. साखर मशीन आपणहून घालतं, नको असेल तर आधी वजाचं बटण दाबत राहा.

घरी मोका ठेव. हे अष्टकोनी अॅल्युमिनियमचं भांडं बियालेत्तीने १९३३ मध्ये काढलं, आणि इटलीत ते नसलेलं घर शोधावं लागेल. भाड्याच्या घरात कपाटात एखादं पडलेलं असतंच, फक्त आतली रबरी रिंग नवीन टाक, दोन-तीन युरोला मिळते. खालच्या भांड्यात पाणी वाफेच्या वॉल्व्हच्या खालपर्यंतच भरायचं, जाळीत पावडर सपाट भरायची पण दाबायची नाही, आच बारीक, झाकण उघडं ठेवून बघत राहायचं, कॉफी मधासारखी वर यायला लागते आणि मग फसफस आवाज सुरू होतो, त्या क्षणी उतरवायची. फसफस होऊ दिली की कडू. धुताना नुसतं पाणी, आणि डिशवॉशरमध्ये चुकूनही टाकू नको, अॅल्युमिनियम काळं पडतं. आणि हो, आधी घराची शेगडी बघ, इंडक्शन असेल तर साधी अॅल्युमिनियमची मोका चालत नाही, स्टीलची घ्यावी लागते. पावशेराचं पाकीट तीन-साडेतीन ते पाच युरोत येतं, त्यात तीस-चाळीस कप होतात. बाहेरची कॉफी माणसांसाठी प्यायची, घरची झोप उडवायला.

आता जेवण. सगळ्यात आधी मेन्सा, म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ, पादोव्हात ती एझू ही संस्था चालवते. पूर्ण ताटात पहिला पदार्थ पास्ता, भात किंवा सूप, दुसरा मांस, मासा, चीज किंवा अंडं, मग भाजी, पाव, फळ. भाव तुझ्या उत्पन्नाच्या गटावर ठरतो आणि प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळाली तर बरंचसं जेवण त्यातच धरलेलं असतं. त्यासाठी ईझे पारिफिकातो नावाचा घरच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा दाखला लागतो, तो काफ नावाच्या ऑफिसात निघतो, पण त्याचे मूळ कागद भारतातून भाषांतर आणि अपॉस्टील (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून आणावे लागतात. हे काम तिकडे गेल्यावर सुरू केलं की मुदत हुकते, त्यामुळे कुकरच्या आधी याच्या मागे लाग, युनिव्हर्सिटीच्या साइटवर यंदाची यादी असते. मेन्सा दुपारी साधारण पावणेबारा ते अडीच, एक वाजता रांग सगळ्यात मोठी असते.

वेळेचं सगळीकडेच असं आहे. दुपारी अडीचनंतर किचन बंद, संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत गरम जेवण विसर. चार वाजता भूक लागली की जे उघडं असतं ते पर्यटकांसाठीचं आणि महाग. आपल्याला एकला जेवायची आणि नऊला रात्रीचं जेवायची सवय असतेच, तेव्हा हे जड जात नाही. रेस्टॉरंटमध्ये बसायचंच असेल तर आठवड्यातल्या दुपारी जा, ठरलेलं जेवण बारा-पंधरा युरोत मिळतं, रात्री त्याच टेबलावर पंचवीस लागतात. बिलात माणशी दीड-दोन-तीन युरो कोपेर्तो लागतो, तो बसण्याचा आणि पावाचा, मेनूवर लिहिलेला असतो. टीप द्यायची गरज नाही. पाणी बाटलीचंच आणतात, घरी मात्र नळाचं प्यायला काहीच हरकत नाही.

शाकाहारी माणसाने काय बघायचं हे जरा सविस्तर लिहितो, कारण ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, बऱ्याच जणांना हॅम आणि मासे त्यात येतात असं वाटतच नाही. कार्ने (मांस), प्रोश्युत्तो (हॅम), पेशे (मासे), तिन्ही नको असं मोजून सांग. लपलेल्या गोष्टी वेगळ्याच. रिसोत्तो या भाताच्या पदार्थात बऱ्याचदा मांसाचं ब्रोदो म्हणजे उकळून काढलेलं पाणी असतं. पियादिनाच्या पोळीत परंपरेने स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी घालतात, पण ऑलिव्ह तेलाची पण मिळते, विचारायचं. राजम्यासारख्या दाण्यांची पास्ता ए फाजोली आपल्याला फार आवडते, नेमकी तिच्यात डुकराच्या कातडीचा तुकडा असू शकतो. पानाकोत्ता या क्रीमच्या गोड पदार्थात जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातडीचं. पार्मिजानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीज वासराच्या रेनेटवर (पोटातून काढलेलं, दूध फाडायचं विरजण) बनतात, पेकोरिनो रोमानो कोकराच्या. आता हे कुठवर पाळायचं ते तू ठरव, तिकडचे बरेच शाकाहारी लोक सुद्धा पार्मिजानो खातात, पण नको असेल तर सुपरमार्केटात पाकिटावर ‘काल्यो मिक्रोबिको’ किंवा ‘वेजेताले’, म्हणजे प्राण्याचं नसलेलं रेनेट, लिहिलेलं शोध. मेनूवरच्या ॲलर्जीच्या यादीवर विसंबू नको, युरोपियन नियमाप्रमाणे त्यात १४ गोष्टी असतात, अंडं, दूध, मासे सगळं आहे, पण मांस नाही आणि रेनेट पण नाही.

एवढं वाचून घाबरशील तर थांब, कारण उरतं त्यात पण भरपूर आहे. पिझ्झा मारिनारा घे, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीजच नाही, आणि यादीत सगळ्यात स्वस्त तीच. वांग्याची पार्मिजाना, भोपळ्याचे न्योक्की म्हणजे उकडलेले छोटे गोळे, रिकोत्ता चीज आणि पालक भरलेले तोर्तेल्लोनी. बोलोन्याला गेलीस तर नाव नीट वाच, छोटे तोर्तेल्लिनी म्हणजे आत डुक्कर, मोठे तोर्तेल्लोनी म्हणजे बहुतेक रिकोत्ता. लिगुरियातली फारिनाता म्हणजे चण्याच्या पिठाचं, तेलात न्हालेलं, भट्टीत भाजलेलं धिरडंच, वर नुसती मिरपूड, ती खाऊन मला पहिल्यांदा वाटलं की ह्यांचं आपलं जमणार. पालेर्मोत त्याच पिठाचे तळलेले पानेल्ले पावात घालून देतात. तोस्कानातली शिळ्या पावाची आणि टोमॅटोची पापा अल पोमोदोरो ही गरिबाची डिश, पण जुलै-ऑगस्टमधल्या टोमॅटोची खाल्ली की बाकी सगळं फिकं. आणि तुझ्या व्हेनेतोत हिवाळ्यात त्रेव्हिझोची रादिक्यो ही लाल कडसर पालेभाजी, भाजून मक्याच्या पिठाच्या पोलेंतासोबत, एप्रिल-मेमध्ये बासानोचं पांढरं ॲस्परॅगस उकडलेल्या अंड्यासोबत. अंडं खातेस ना, मग ते सोडू नको.

बाजार तुझ्या शहरात फार सुंदर आहे. पालाझ्झो देल्ला राजोने ही मध्ययुगीन इमारत मधोमध, तिच्या एका बाजूला पियात्झा देल्ले एर्बे, दुसऱ्या बाजूला पियात्झा देल्ला फ्रुत्ता, दोन्हीकडे भाजीफळांचे ठेले, खालच्या कमानीत चीज आणि पावाची दुकानं. सकाळी भाव चढे, दुपारी आवरायच्या वेळी खाली येतात, तेव्हा पिशवी घेऊन जा. भाजी हाताने चाचपायची नाही, काय हवं ते बोटाने दाखवायचं आणि तो निवडून देतो, आपल्याकडच्यासारखं टोमॅटो दाबून बघितलास की ओरडा बसतो. सुपरमार्केटात स्वतः निवडता येतं पण प्लास्टिकचा हातमोजा घालून, आणि वजन करून स्टिकर लावायचं, नाहीतर काउंटरवर मागची रांग सुस्कारे टाकते. चीज, ऑलिव्ह वगैरे एत्तोवर मागायचं, एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम, त्यामुळे काउंटरवरच्या बाईला अर्धा एत्तो द्या म्हणायला पण लाजू नको.

संध्याकाळी त्याच चौकांत अख्खं विद्यार्थीजगत स्प्रित्झ हातात घेऊन उभं असतं. त्यात घालतात ते आपेरोल पादोव्हाचंच, १९१९ चं, त्यामुळे तिथे तो अभिमानाचा विषय आहे. दारू घेत नसशील तर क्रोदिनो किंवा सानबित्तेर माग, रंग तसाच, चव कडू-गोड, आणि कोणी विचारत पण नाही. सोबत वेफर्स, ऑलिव्ह येतात. मिलानोसारख्या शहरात आपेरितिव्होचं, म्हणजे जेवणाआधीच्या पेयासोबतचं, खाणं जेवणाएवढं असतं पण पेयाचा भाव पण तसाच, पादोव्हात चार-पाच युरोत संध्याकाळ होते.

घरी रोजचं रांध, त्याला माझा विरोध नाही. फारिना दी चेची म्हणून चण्याचं पीठ सगळीकडे मिळतं, पिठलं होतं. तांदूळ, मसाले, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या स्टेशनमागच्या आर्चेल्ला भागातल्या दुकानांत. फक्त रूममेट रविवारी दुपारी रांधायला लागले की खोलीत बसू नको, कांदा चिरायला जा, तिथे जे शिकायला मिळतं ते कुठल्या रेस्टॉरंटात मिळत नाही. पानेत्तोने, पान्दोरो हे ख्रिसमसचे केक ६ जानेवारीनंतर अर्ध्या किमतीत निघतात, तेव्हा दोन-तीन आणून ठेव, महिनाभर न्याहारी.

शेवटचं सामानाचं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर सगळं आलं, विमानतळावर काढून घेतात. मसाले, पापड, चिवडा, भाकरवडी आण. तिकडचं लोणी बिनमिठाचंच असतं, पाव किलो घेऊन बारीक आचेवर कढव, घरच्यासारखं तूप होतं.